चाळीस जुने रुपये आणि ११.६६ चा हट्ट

हे प्रकरण घडलं तसं मांडतो आहे. माणसांची नावं आणि गावं गाळली आहेत, आकडे माझ्या वहीत टिपलेले आहेत. दोन्ही बाजूंनी लिहायला हरकत घेतली नाही. माझी एक चूकही यात आहे. ती आधीच सांगून टाकतो, कारण वादाचं मूळ तिच्यातच होतं.

पार्श्वभूमी

एका काकूंकडे सासूबाईंच्या वेळची चांदीच्या रुपयांची पिशवी होती. त्यात एकूण चाळीस नाणी होती: १८४० सन असलेली सात, १८६२ ची बारा, 'एम्प्रेस' लिहिलेली राणीछाप नऊ, सातव्या एडवर्डची पाच, पाचव्या जॉर्जची चार आणि सहाव्या जॉर्जची तीन. नाणी जमवण्याचा नाद नुकताच लागलेल्या एका तरुणाने ती सगळी घेतली. भाव नगावर ठरला, चाळीसही नाण्यांना एकच. वजनावर ठरला असता तर यातलं अर्धं प्रकरण घडलंच नसतं.

व्यवहाराच्या आधी त्या मुलाने मला फोन करून विचारलं होतं, "सर, चांदीच्या रुपयाचं वजन किती हवं? थोडं कमीजास्त चालतं का?" मी घाईत होतो. म्हटलं, "११.६६ ग्रॅम. हजारी पाचची सूट." आणि फोन ठेवला.

उत्तर खोटं नव्हतं. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेनचा ठरवला. त्यात बाराव्या हिश्शाचं हीण, म्हणजे १६५ ग्रेन शुद्ध चांदी आणि १५ ग्रेन इतर धातू. १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, जुना एक तोळा. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपयाच्या वजनाला हजारी पाच आणि कसाला हजारी दोन अशी सूट आहे. वजनाची सूट ग्रॅममध्ये ०.०५८ होते, म्हणून ११.६१ ते ११.७२ या पट्ट्यातला रुपया कायद्याने बिनचूक.

ही सूट टाकसाळीला होती, हे मात्र मी सांगितलं नाही. नाणं यंत्रातून पडून ताज्या चकाकीने बाहेर निघतं, त्या क्षणाचा तो हिशेब आहे. पुढे शंभर वर्षं ते कुणाच्या कनवटीला राहिलं, कुणाच्या गल्ल्यात खडखडलं, त्याचा या आकड्याशी संबंध नाही.

तक्रार

आठ दिवसांनी मुलगा पुन्हा फोनवर. चाळीसपैकी तेरा नाणी 'नापास' होती. त्याने व्यवस्थित तक्ता केला होता: सन, वजन, ११.६१ पासूनचा फरक, शेवटच्या रकान्यात लाल फुली. बारा नाणी हलकी, एक जड. तेरा नाणी काकूंनी परत घ्यावीत आणि पैसे द्यावेत, एवढीच त्याची मागणी. पण बोलता बोलता तो काकूंच्या भाच्याजवळ "नाणी बनावट आहेत" असं म्हणून गेला होता आणि काकूंपर्यंत ते "तुम्ही फसवलंत" असं पोचलं होतं.

भाच्याचा उलटा युक्तिवाद होता. रुपया एक तोळ्याचा, तोळा दहा ग्रॅमचा, म्हणजे सगळीच नाणी वजनाला जास्त भरतात, मग तक्रार कसली? त्याला दोष देत नाही. आज सोन्याच्या व्यवहारात तोळा म्हणजे दहा ग्रॅमच धरतात. जुना तोळा मुळात या रुपयावरूनच मोजत. ऐंशी रुपयांचं वजन एक शेर, आणि 'रुपयाभार हळद' म्हणजे एका रुपयाच्या वजनाइतकी हळद. काकूंनीच नंतर सांगितलं, "सासूबाई केशर, वेलची मोजायला हेच रुपये पारड्यात टाकायच्या."

तर एकाच्या हातात १९०६ चा कायदा, दुसऱ्याच्या हातात आजचा तोळा. शेवटी दोघांनी मला मध्ये घातलं.

समोर असलेले पर्याय

सोपा मार्ग सगळा व्यवहार मोडायचा होता. काकू तयार होत्या, पण रागाने. तसं झालं असतं तर 'खोटी नाणी विकणारं घर' हा शिक्का कायमचा राहिला असता, आणि नाणी खरी की खोटी हा प्रश्न तसाच.

मुलाची मागणी मान्य करून तेरा नाणी परत घ्यायची, हा दुसरा मार्ग. भाचा यालाही राजी होत होता, "कटकट नको" म्हणून. मला तो सगळ्यात वाईट वाटला, कारण त्याने चुकीच्या फूटपट्टीवर शिक्कामोर्तब झालं असतं.

मुलाने कसोटीचाही आग्रह धरला: कानशीने कडेला घासायचं, आम्लाचा थेंब टाकायचा. याला मी साफ नाही म्हटलं. शंकेपायी खऱ्या नाण्याला जखम करायची आणि मग ते खरं निघालं म्हणून हळहळायचं, याला अर्थ नाही. धातूचा कस सांगणारं यंत्र, कॅरेट मीटर, तेही सुचलं. पण ते नाण्याचा वरचा थर वाचतं. मुलामा जाड असेल तर तेही फसतं.

उरलं ते नाणी न दुखावता मोजमाप करणं: वजन, व्यास, जाडी, कड आणि पाण्यातली घनता. एका दुपारी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर बसायचं ठरलं, दोन्ही बाजूंच्या समोर. अट एकच घातली. निकाल लागेपर्यंत 'बनावट' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही.

पहिला निर्णय: आधी काटा तपासायचा

मुलाने स्वतःचा खिशातला डिजिटल काटा आणला होता, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. मी बरोबर २० ग्रॅमचं प्रमाणित वजन नेलं होतं. ते ठेवलं. काट्यावर आकडा आला १९.९५. उचलून पुन्हा ठेवलं, तरी १९.९५.

म्हणजे काटा पाव टक्का कमी दाखवत होता. रुपयाच्या वजनात हा फरक ०.०३ ग्रॅम होतो. ज्या पट्ट्याची अर्धी रुंदीच ०.०६ ग्रॅम, त्यात ०.०३ ची चूक म्हणजे केवढी! काट्यावर दोन दशांश दिसतात म्हणून दुसरा दशांश खरा असतोच असं नाही.

माझ्या काट्यावर तेराही नाणी पुन्हा तोलली. ११.५८, ११.५९ अशी नोंद झालेली पाच नाणी ११.६१ आणि ११.६२ भरली. पाच फुल्या जागच्या जागी खोडल्या. मुलाचा चेहरा उतरला, पण त्यानेच स्वतः खोडल्या, हे नोंदवायला हवं.

दुसरा निर्णय: झिजेला कुठली मर्यादा लावायची

उरली आठ. त्यांतली सहा हलकी आणि दिसायलाही गुळगुळीत: ११.४१, ११.४४, ११.४९, ११.५२, ११.५५ आणि ११.५६ ग्रॅम. तीन १८४० ची, तीन १८६२ ची.

इथे टाकसाळीची सूट बाजूला ठेवून वापराची मर्यादा बघायला हवी, आणि तीही त्या काळच्या सरकारने घालून दिलेली आहे. १८७० च्या कायद्यानुसार रुपया दोन टक्क्यांपेक्षा जास्त झिजलेला नसेल तोवर कायदेशीर चलन होता, फक्त तो कातरलेला किंवा कानसलेला नसावा. ११.६६ मधून दोन टक्के वजा केले की ११.४३ उरतात. म्हणजे सरकारी तिजोरीने मुकाट घेतला असता असा रुपया हा मुलगा दीडशे वर्षांनी नापास करत होता. १९०६ च्या कायद्याने तर मर्यादेपेक्षा हलकं नाणं हाती आलं की अधिकाऱ्याने ते कापून टाकावं अशी तरतूद केली. झीज गृहीत होती आणि तिची रेघही आखलेली होती.

शिवाय १८६२ च्या नाण्याला १९०६ च्या कायद्याची सूट लावणं हेच मुळात आडवं आहे. त्यातही १८४० आणि १८६२ हे सन फसवे. सन न बदलता टाकसाळी वर्षानुवर्षं तेच साचे चालवत राहिल्या. १८६२ सन असलेला रुपया १८७० नंतर पडलेलाही असू शकतो. एक गुळगुळीत आणि एक टवटवीत निघाला तर त्यात नवल नाही.

सहापैकी पाच दोन टक्क्यांच्या आत बसली. सहावं, ११.४१ चं, जरासं बाहेर. १८४० चा रुपया, राणीचा गाल सपाट झालेला, केसांच्या रेषा नाहीशा. पण कडेचे कंगोरे मात्र शाबूत! बाजारात फिरून झिजलेल्या नाण्याची कडही झिजते. इथे फक्त तोंडच पुसलं होतं. मी नाणं हातात फिरवत असताना काकू म्हणाल्या, "ते लक्ष्मीपूजनाचं. दर दिवाळीला रांगोळीने लख्ख करते मी. त्याआधी सासूबाई करायच्या."

पाऊणशे दिवाळ्यांची रांगोळी! झिजेला चलनाखेरीजही कारणं असतात, हे मला माहीत होतं. पण देवघरातली झीज मी कधी हिशेबात धरली नव्हती.

तिसरा निर्णय: हलकं का आणि जड का

आता दोन उरली, आणि तक्रारीत खरी दखलपात्र हीच दोन होती.

एक 'एम्प्रेस' रुपया, वजन ११.३४. चेहरा मात्र तरतरीत, मुकुटातली नक्षी मोजता येईल अशी. चेहरा झिजलेला नाही तर वजन गेलं कुठे? कॅलिपर लावला. उभा व्यास ३०.६ मिमी, आडवा ३०.१. भिंगातून पाहिलं तर एका बाजूला कंगोरे दबलेले आणि त्यांवर तिरपे ओरखडे. कुणीतरी फार पूर्वी कडेवरून कानस फिरवून चांदीचा चुरा काढून घेतला होता. नाणं टाकसाळीचंच, पण ही झीज नव्हे. १८७० चा कायदाही वापराने झिजलेलं आणि कानसलेलं यांत फरक करतो.

दुसरं एडवर्डचं, ११.८३ ग्रॅम. टाकसाळीच्या सुटीपेक्षा खूपच जास्त. वापराने नाणं जड होत नाही, म्हणून जड नाणं दिसलं की मी हलक्यापेक्षा जास्त सावध होतो. राजाच्या डोक्याच्या बरोबर वर, कडेला चारेक मिलिमीटर कंगोरे बुजलेले होते आणि तिथली चांदी किंचित पिवळट. कधीकाळी कडी जोडून नाणं माळेत ओवलेलं, पुढे कडी तोडली, झाळ तशीच राहिली. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "माळ मोडली तेव्हाचं असेल."

इथे आकाराबद्दल थोडं. कायद्यातली सूट वजनाला आणि कसाला आहे. व्यास ठरतो तो कड्यामुळे. यंत्रावर ठसा पडताना चकती पोलादी कड्यात घट्ट बसलेली असते, म्हणून व्यास फारसा हलत नाही. या रुपयांचा साधारण ३०.५ ते ३०.८ मिमीत असतो. वजनातला फरक येतो चकती कमीजास्त जाड निघाल्याने. म्हणून यंत्रावरच्या नाण्यात व्यासाचा अर्धा मिलिमीटर फरकही बोलका असतो. पेशवाईत हातोड्याने पाडलेल्या अंकुशी किंवा चांदवडी रुपयाला हाच नियम लावाल तर एकही पास होणार नाही. तिथे कडं नसे, ठसा चकतीपेक्षा मोठा, अक्षरं कडेला अर्धी तुटलेली, आणि शेजारशेजारच्या दोन नाण्यांचा व्यासही जुळत नाही. पेशवाईतला सराफ वजन आणि कस बघायचा. व्यासाशी त्याला काय देणंघेणं?

चौथा निर्णय, जो माझा नव्हता

तेरा नाण्यांचा निकाल लागला होता. मी कॅलिपर पेटीत ठेवत होतो. काकू म्हणाल्या, "मोजताच आहात तर सगळीच मोजा की. उरलेली सत्तावीस बरोबर कशावरून?"

प्रामाणिकपणे सांगतो, मी ते करणार नव्हतो. तक्रार तेरांची होती आणि चहा झाला होता. पण काकूंचं बरोबर होतं. वजनाच्या चाळणीतून खाली पडलेली आम्ही तपासली होती, वर राहिलेली नाही.

मुलाला सगळ्यात आवडलेलं एक १८६२ चं नाणं होतं. माझ्या काट्यावर ते बरोबर ११.६६ भरलं आणि मीही "वा!" म्हणून गेलो होतो. त्याचा व्यास ३०.३ निघाला. थोडा कमी. जाडी मोजली, तर शेजारच्या १८६२ च्या नाण्यांपेक्षा कड सुमारे ०.३ मिमी जाड. वजन तेच, घेर कमी, जाडी जास्त. वाजवून पाहिलं. बाकीचे रुपये लादीवर खणकत होते, हा बद्द बोलला.

मग पाण्याचा प्रयोग केला. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवायचा, आकडा शून्य करायचा, आणि नाणं दोऱ्याने लटकवून पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. पाण्यात साबणाचा एक थेंब, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. आधी एक खात्रीचा रुपया बुडवला. आकडा १.१३, घनता १०.३. हजारी ९१७ कसाच्या चांदीला ती तेवढीच यायला हवी. या छोट्या आकड्यात ०.०१ ची चूकही घनतेत ०.१ चा फरक पाडते, म्हणून प्रत्येक नाणं तीनदा बुडवलं.

लाडकं १८६२ बुडवलं. आकडा १.३२, घनता ८.८. ही तांब्याच्या मिश्रधातूची घनता, वरून चांदीचा मुलामा. नकल करणाऱ्याला वजन साधायचं होतं आणि ते त्याने तंतोतंत साधलं. हलक्या धातूत तेवढं वजन बसवायला नाणं जाड करावं लागलं, तिथे तो उघडा पडला. काकूंना आठवलं की यजमानांनी एक रुपया कुठूनसा विकत आणून पिशवीत टाकला होता. कोणता, ते मात्र त्यांना सांगता येईना.

शेवटी सहाव्या जॉर्जची तीन: १९४४ चं एक आणि १९४५ ची दोन. वजन ११.६५, ११.६६, ११.६६, व्यासही योग्य. पाण्यात मात्र तिघांनीही १.२२ दाखवलं, घनता ९.५ च्या आसपास. मुलगा दचकला. "म्हणजे हीपण?" नाही, ही टाकसाळीचीच. १९४० मध्ये, युद्धात चांदीची चणचण असताना, सरकारने रुपयातली चांदी नाण्याच्या वजनाच्या निम्मी केली. वजन आणि व्यास तसेच ठेवले. कडेला कंगोऱ्यांच्या मधोमध एक खोलगट पट्टी आली, तीच ओळख. जुन्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, यात ५.८३.

मी वहीत दोन बेरजा शेजारी मांडल्या. ज्यांवरून भांडण पेटलं त्या सहा झिजलेल्या नाण्यांची एकूण घट ०.९९ ग्रॅम. ज्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नाही त्या तीन नाण्यांत कमी असलेली चांदी १४.५८ ग्रॅम. मुलगा बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला.

निष्पत्ती

मुलामा दिलेलं नाणं काकूंनी लगेच परत घेतलं आणि पूर्ण पैसे दिले. मुलगा "असू द्या" म्हणाला, त्यांनी ऐकलं नाही. कानसलेल्या आणि झाळलेल्या नाण्यांचा भाव उतरवला. दोन्ही खरी आहेत, पण संग्रहाच्या दृष्टीने दुखावलेली. सहाव्या जॉर्जच्या तीन नाण्यांचा भाव त्यांतल्या चांदीच्या हिशेबाने पुन्हा ठरवला. काकूंनी त्यावर जराही घासाघीस केली नाही. झिजलेल्या सहांची तक्रार मुलाने मागे घेतली, आणि भाच्याकडे जाऊन "बनावट" शब्दाबद्दल माफीही मागितली.

आज केलं असतं तर

फोनवर विचारलेल्या प्रश्नाला मी आकडा दिला. उलट प्रश्न करायला हवा होता: नाणी कुठल्या सनांची, किती झिजलेली, वजन कशासाठी हवं आहे? 'हजारी पाच' हे दोन शब्द मी वाचवले असते तर तेरा फुल्यांचा तक्ता झालाच नसता.

मुलाने तोलण्याआधी नाणी गटांत लावायला हवी होती. १८४० चा गुळगुळीत रुपया आणि जॉर्जचा टवटवीत रुपया एकाच यादीत आले की आकडे भांडतात. गटातल्या गटात एखादं वेगळं पडतं आहे का, ते बघायचं. व्यवहार नगावर करायचाच होता तर एकाच भावाने करणं चूक होतं. ती चूक दोघांची.

घनता मी आधी घ्यायला हवी होती. वजन, मग व्यास, मग पाणी असा क्रम सवयीने धरला. माझं "वा!" त्या क्रमाची किंमत आहे. एक गोष्ट मात्र आजही तशीच करेन: पहिल्यांदा काटा तपासणं. पाच फुल्या तिथेच गेल्या आणि टेबलावरचा ताणही.

लक्ष्मीपूजनाचा रुपया काकूंनी परत मागितला. तो पिशवीत चुकून गेला होता म्हणे. मुलाने पैसे न घेता दिला. यंदा रांगोळी लावू नका, कोमट पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपा, असं मी सांगून आलो. त्या "बरं" म्हणाल्या, पण नाणं हातात उलटसुलट करत त्यांनी एवढंही विचारलं, "मग चकाकणार कसं?"